७३ वर्षांच्या बाबांना घेऊन कॅम्पर व्हॅनने कच्छचं रण: मुक्काम कुठे करावा, पक्षी कुठे बघावेत?

समीर_सीवूड्स

नमस्कार मंडळी.

आम्ही सीवूड्सला राहतो. बाबा ७३ वर्षांचे आहेत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. गेली आठ वर्षं थंडीपासून मे संपेपर्यंत ते रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून जवळच्या चाणक्यच्या तळ्यावर जातात. फ्लेमिंगो किती आले, भरती कितीची होती, पाणी कुठवर होतं, सगळं वहीत उतरवतात. अशा सहा वह्या भरल्यात. गेल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाले, "हे जिथून येतात ते रण मला एकदा बघायचंय रे. फळ्यावर खडूने किती वर्षं काढलं, पाय कधी लागला नाही."

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. जानेवारीत आठ दिवसांची रजा टाकली आहे. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेत. सपाटीवर ते काठी घेऊन अर्धा तास चालतात, पण खाली बसता येत नाही, जिना नको वाटतो आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. रोज नवं हॉटेल, नवा संडास, नव्या पायऱ्या हे त्यांना झेपणार नाही. म्हणून कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायचं ठरवलंय. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली आहे. चार जणांची झोपायची सोय, आत कमोड, छोटं सिंक, दोन बर्नरची शेगडी, छतावर सोलर पॅनल. आम्ही तिघंच, मी, बायको आणि बाबा. गाडी मी आणि बायको आलटूनपालटून चालवू.

डोक्यातला आराखडा असा: दसाडा (छोटं रण), धोरडो (पांढरं रण), धोलावीरा, तिथून जैसलमेर, खीचन आणि परत.

विचारायचं ते हे. व्हॅन थेट रणात नेऊन उघड्यावर रात्र काढता येते का? थंडी किती असते? आणि फारसं न चालता पक्षी बघायला मिळतील अशा जागा कोणत्या? स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

---

रोहिणी_नौपाडा

समीर, तुमच्या बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. सहा वह्या भरणारा माणूस रणात गेलाच पाहिजे.

मी आणि माझा नवरा गेल्या सहा वर्षांत आमच्या व्हॅनने चार वेळा कच्छला गेलो, एकदा माझ्या सासूबाईंना घेऊनही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं, तुमचा आराखडा निम्मा करा. आठ दिवसांत कच्छ आणि जैसलमेर दोन्ही केलंत तर बाबा आठ दिवस गाडीच्या खिडकीतून डांबर बघतील. कॅम्पर व्हॅन फिरायला घेतात असं सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर ती थांबायला घ्यावी. पक्षी थांबणाऱ्याला दिसतात. पहिला मुक्काम बडोद्याला, मग तीन रात्री दसाडा-झैनाबाद भागात, दोन रात्री भुजच्या उत्तरेला बन्नीच्या गवताळ भागाच्या बाजूला, आणि परतीत एक रात्र वाटेत. धोलावीरा आणि राजस्थान पुढच्या खेपेला.

दुसरं, व्हॅन रणात घालू नका. हे मी अंगाला लावून शिकले आहे.

छोटं रण म्हणजे वाळूचं वाळवंट नाही. पावसाळ्यात तिथे समुद्राचं आणि नद्यांचं पाणी पसरतं, बनास, रूपेण, सरस्वती सगळ्या तिथेच येऊन विरतात. हिवाळ्यात ते आटतं आणि वर कडक साय धरते. भेगा पडलेली, पांढुरकी, काठीने ठोकली तर ठण्ण वाजणारी. दुसऱ्या खेपेला आम्ही तिच्यावर विसंबलो. गावापासून दोनेक किलोमीटरवर, जीपच्या चाकोऱ्या दिसत होत्या, म्हणून मीच नवऱ्याला म्हटलं की चल अजून थोडं पुढे. शंभर पावलं गेलो असू, मागची बाजू अलगद खाली बसली. आवाजसुद्धा झाला नाही. उतरून बघितलं तर सायीखाली काळा चिखल, लोण्यासारखा, आणि मागची चाकं अर्धी आत. जीप हलकी असते, तिला ती साय तोलते. साडेतीन टनांच्या गाडीला तोलत नाही. एका अगरियाने ट्रॅक्टर आणून आम्हाला ओढून काढलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्या माणसाने पैसे घ्यायला नकार दिला. शेवटी त्याच्या मुलीसाठी आमच्याकडची बॅटरी आणि दोन ब्लँकेटं ठेवून आलो. आठ-आठ महिने झोपडीत राहून, जमिनीतलं खारं पाणी उपसून मीठ पिकवणारी ही माणसं. त्यांना पाणी किंवा भाजी लागणार असेल तर जाताना घेऊन जा.

तर व्हॅन ठेवायची गावाजवळ, पक्क्या जमिनीवर. दसाडा-झैनाबाद-बजाणा पट्ट्यात रिसॉर्टं आणि शेतघरं आहेत. आधी फोन करून "कॅम्पर व्हॅन आहे, आवारात लावू द्याल का, पाणी आणि विजेचा प्लग मिळेल का" असं विचारा, बहुतेक जण थोडे पैसे घेऊन हो म्हणतात. रणाचा हा भाग जंगली गाढवांचं अभयारण्य आहे, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर. आत जायला परवाना लागतो आणि मनाला येईल तिथे रात्रीचा तंबू ठोकता येत नाही. आत जायचं ते स्थानिक जीपने, स्थानिक चालकाबरोबर. कुठली साय ओली आणि कुठली सुकी हे त्यांना लांबूनच रंगावरून कळतं.

उघड्या जीपची पायरी गुडघे बदललेल्या माणसाला फार उंच पडते. न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं रुंद स्टूल बरोबर घ्या. सासूबाई त्याच्यावर पाय ठेवून चढत. आणि चालकाच्या शेजारची पुढची सीट बाबांसाठी मागून घ्या, मागे धक्के जास्त बसतात.

तिसरं, पक्षी. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे: व्हॅन हेच तुमचं लपण आहे. पाणपक्षी उभ्या माणसाला घाबरतात, उभ्या गाडीला फारसे घाबरत नाहीत. झैनाबादजवळचं नवा तलाव आणि बजाण्याचं पाणथळ, दोन्हीकडे पक्क्या कडेला गाडी लावायला जागा मिळते. तिथे उजाडायच्या आधी पोचायचं, सूर्य पाठीशी येईल असं बघायचं, इंजिन बंद करायचं आणि बाबांना खिडकीशी बसवायचं. बस. पहिली वीस मिनिटं काही होणार नाही. मग बदकं परत काठाला यायला लागतात, शेकाटे येतात, लांबचे फ्लेमिंगो खात खात जवळ सरकतात. एकदा माझ्या हातातला चहा निवून गेला आणि मला कळलंच नाही, कारण झोळीवाल्या पेलिकनांची रांगच्या रांग समोरून वल्ही मारत चालली होती. सगळ्यांची चोच एकदम पाण्यात, एकदम वर.

एक बारीक गोष्ट. व्हॅनचा सरकता दरवाजा पहाटेच्या शांततेत बंदुकीसारखा वाजतो. रात्रीच त्याच्या रुळात मेणबत्ती घासून ठेवा, किंवा पुढच्या दाराने उतरा.

संध्याकाळ क्रौंचांसाठी राखून ठेवा. साधे क्रौंच आणि कांड्या करकोचे दिवसभर शेतांत चरतात आणि सूर्य मावळला की उथळ पाण्यात रात्र काढायला येतात. कोल्हा-कुत्रा पाण्यातून आला तर चाहूल लागते म्हणून पाण्यात उभ्याने झोपतात. ते दिसायच्या आधी ऐकू येतात. दिवे लावू नका, मोबाइलचासुद्धा नको.

आणि कृपा करून चालकाला आधीच सांगा की हौबारा म्हणजे मॅकक्वीन्स बस्टर्ड, माळढोकाच्या कुळातला पक्षी, दिसला तर त्याच्यामागे जीप दामटायची नाही. फोटोसाठी त्याला पळवत नेतात, तो थकतो, खाणं सोडतो. मी स्वतः एकदा जीप थांबवून खाली उतरले आहे.

थंडीचं, पाण्याचं वगैरे उद्या लिहिते. आत्ता दुकान बंद करायची वेळ झाली.

---

डोंबिवलीचा_मिलिंद

रोहिणीताईंनी लाखमोलाचं सांगितलंय. तरी खीचनसाठी दोन शब्द, कारण तुमच्या यादीत ते आहे आणि माझा तिथे जीव अडकलाय.

जोधपूरहून जैसलमेरकडे जाताना फलोदी लागतं, त्याला लागूनच खीचन गाव. आपल्याकडून हे अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे आठ दिवसांत कच्छबरोबर नकोच. तिथे गावकरी कित्येक वर्षं कुरजांना, म्हणजे कांड्या करकोच्यांना, दाणे घालतात. मंगोलिया, कझाकस्तानकडून हिमालय ओलांडून आलेले पक्षी सकाळी गावाबाहेरच्या कुंपण घातलेल्या चुग्गाघरात हजारोंनी उतरतात. आधी आकाशात गोल फिरत राहतात, एकही उतरत नाही. मग एक उतरतो आणि पाच मिनिटांत जमीन दिसेनाशी होते. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ते गेलं. मी बातमी वाचली तेव्हा लोकलमध्ये होतो, शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितली.

फलोदी म्हणजे तेच गाव जिथे २०१६ च्या मे महिन्यात ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे हातमोजे लागतात. बाबांना पुढच्या वर्षी रेल्वेने जोधपूरपर्यंत न्या, तिथून टॅक्सी करा. व्हॅन कशाला ओढताय.

अजून एक, व्हॅन भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो. राज्याबाहेर न्यायचा परवाना आणि बदल करून बांधलेल्या गाडीची नोंद आरसी बुकात आहे का, हेही डोळ्यांनी बघा. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली चुकूनही राहू देऊ नका.

---

समीर_सीवूड्स

रोहिणीताई, मिलिंददादा, मनापासून आभार. बाबांना दोन्ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. "व्हॅन थांबायला घ्यावी" हे वाक्य त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय. जैसलमेर रद्द. ताईंचा आराखडा पक्का.

व्हॅनमध्ये हीटर नाही. बाबांना थंडी बाधते. एका मित्राने सुचवलं की लोखंडी शेगडीत कोळसे पेटवून झोपायच्या आधी तासभर आत ठेवायचे. चालेल का? आणि चाक रुतलंच तर काय जवळ ठेवावं?

---

रोहिणी_नौपाडा

नाही. नाही. नाही. समीर, बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही, पाच मिनिटंसुद्धा ठेवायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. स्वयंपाकाची गॅसशेगडीसुद्धा ऊब यावी म्हणून पेटती ठेवायची नाही. स्वयंपाक करताना दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या हव्यात. ते कार्बन मोनॉक्साइडचं छोटं अलार्मयंत्र मिळतं, ते घेऊन बाबांच्या उशाशी लावा. हे मी हात जोडून सांगतेय.

जानेवारीत तिकडे पहाटे पारा दहाच्याही खाली जातो. पण बाबा उबेत झोपू शकतात. रबरी पिशवीत गरम पाणी भरून झोपायच्या आधी पंधरा मिनिटं अंथरुणात, मग पायांशी. गादीखाली सतरंजीच्या दोन घड्या, कारण थंडी वरून कमी आणि खालच्या पत्र्यातून जास्त येते. कानटोपी, लोकरी मोजे. आणि सगळ्या खिडक्या घट्ट लावू नका, छताची झडप दोन बोटं उघडी ठेवा. तीन माणसांच्या श्वासाने काचा आतून ओल्या होतात आणि सकाळी गादीच्या कडेला पाणी मुरलेलं असतं.

बाबांची दुर्बीण पांघरुणात किंवा गरम पिशवीजवळ ठेवू नका. रात्री पुढच्या सीटवर, तिच्या पाकिटात ठेवा. बाहेरच्या हवेइतकी गार राहिली तर पहाटे भिंगावर वाफ धरत नाही. नेमके क्रौंच उडतात तेव्हाच भिंग धुरकट असणं यासारखं दुःख नाही.

पाणी: तिकडच्या नळाचं पाणी खारट लागतं. गाडीच्या टाकीत ते भरा, भांड्यांना आणि कमोडला वापरा. प्यायला वीस लिटरचे दोन जार वेगळे. कमोडची पेटी फक्त रिसॉर्टच्या संडासात, मालकाला विचारून रिकामी करायची. रणात, शेतात, तलावाकाठी अजिबात नाही. भांड्यांचं साबणाचं पाणीसुद्धा बादलीत धरून न्यायचं.

रुतल्यावर: दोन जाड लाकडी फळ्या, चार गोणपाटं, छोटं फावडं, ओढायचा पट्टा. मऊ रेतीत टायरची हवा निम्म्यावर आणली की चाक पसरतं आणि गाडी निघते, मग लगेच परत भरायला पंप जवळ हवा. चिखलात मात्र हवा काढून फार उपयोग होत नाही, तिथे फळ्याच. गाडी जितकी रेटाल तितकी आत जाते, तेव्हा पहिल्या घरघरीला थांबायचं. काटे मात्र सगळीकडे आहेत. वेडी बाभूळ, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात, तिचा काटा पातळ चपलेतून आरपार जातो. बाबांना जाड तळाचे बूट घाला.

फळ्या विकत घेऊ नका. माझ्याकडे सागाच्या दोन आहेत, दोन फूट लांब, खालून पत्र्याची पट्टी ठोकलेली. त्या ट्रॅक्टरच्या रात्रीनंतर राम मारुती रोडच्या मागच्या सुताराकडून करून घेतल्या. नौपाड्यात येऊन घेऊन जा. फक्त परत आणताना मीठ धुवून आणा.

त्यावरून आठवलं. घरी आल्या दिवशीच गाडीचं पोट गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्या. एकदा आम्ही आठवडा घालवला आणि सायलेन्सरची क्लिप गंजून हातात आली.

---

मैत्रेयी_ऐरोली

समीरदादा, मी वनस्पतिशास्त्र शिकते आणि सुट्टीत ऐरोलीच्या खाडीवर पक्षी मोजायला जाते. काकांच्या वह्यांबद्दल वाचून राहवलं नाही.

एक गोष्ट काकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड होणार नाही. फ्लेमिंगोंची घरटी जानेवारीत बघायला मिळणार नाहीत. त्यांची प्रसिद्ध वसाहत मोठ्या रणात खदीर बेटाच्या पलीकडे आहे, तिला फ्लेमिंगो सिटी म्हणतात. पक्षीतज्ज्ञ सालिम अली १९४५ मध्ये तिथे जाऊन आले होते. चिखलाचे फूटभर उंचीचे बुटके मनोरे, प्रत्येकावर खोलगट वाटी आणि त्यात साधारण एकच अंडं. पाऊस नीट झाला आणि पाणी हवं तेवढं साचलं तरच पक्षी तिथे घरटी करतात. तो भाग सीमेला लागून आहे, आपण तिकडे जायचा प्रयत्नही करू नये. विणीचे पक्षी एकदा बिथरले तर सगळी वसाहत सोडून जातात.

पण छोट्या रणात काकांना दोन्ही जाती दिसतील. आपल्या खाडीत बहुतेक सगळे लहान फ्लेमिंगो, गडद लाल चोचीचे, शेवाळ गाळून खाणारे. तिकडे मोठेही चांगले दिसतात, गुलाबी चोच आणि टोक काळं. काकांना एकाच थव्यात दोघांची उंची शेजारी शेजारी ताडता येईल. त्यांना वहीसाठी तेवढं पुरेल असं मला वाटतं. आणि त्यांना हेही सांगा की आपली ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. ते ज्या पाहुण्यांची वही ठेवतात त्यांचं हिवाळ्यातलं घर इथेच आहे.

बन्नीबद्दल: भुजला थांबण्यापेक्षा नखत्राणाच्या बाजूला थांबा. तिथून छारी धंड जवळ पडतं. धंड म्हणजे उथळ पाणथळ. २००८ मध्ये ते गुजरातचं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. चांगल्या पावसाच्या वर्षी तिथे क्रौंच इतके असतात की लांबून पाण्याला करडा काठ लावल्यासारखा दिसतो. आधी वनखात्याचा परवाना घ्या. शेवटचा रस्ता कच्चा आहे, व्हॅन गावात ठेवून स्थानिक गाडीच करा.

आणि फुलाय गावाजवळची पिलूची झुडपं चुकवू नका! तिथे सकाळी ग्रे हायपोकोलियस येतो. राखाडी, लांब शेपटीचा, नराच्या डोळ्यांवरून काळी पट्टी. इराण-इराकच्या बाजूने हिवाळ्यात येतो आणि भारतात तो बघायचा तर लोक मुद्दाम याच गावात येतात. पिलूची पिकलेली फळं खायला झुडपाच्या आत शिरतो, म्हणून हलायचं नाही, वाट बघायची. रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून काकांना बसवलंत तरी दिसेल. कुणी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलवायला लागलं तर थांबवा.

पांढरं रण बघायचं असेल तर भिरंडियाराला परवाना काढून धोरडोला जा. गाडी आत मिठावर नेऊ देत नाहीत आणि रात्री राहूही देत नाहीत. पक्ष्यांसाठी त्यात फार काही नाही, काकांच्या भूगोलासाठी मात्र नक्की जा.

---

समीर_सीवूड्स

मंडळी, परत आलो. कालच. गाडीचं पोट धुतलं, मग हे लिहायला बसलो.

पहाटे साडेतीनला निघालो म्हणून घोडबंदर रोड मोकळा मिळाला, गायमुखला अडकलो नाही. बडोद्याच्या अलीकडे एका ढाब्याच्या मागे लावून झोपलो. तिथे रात्रभर ट्रक होते, बाबांना झोप लागली नाही. ती रात्र सोडली तर प्रत्येक मुक्काम चांगला झाला.

झैनाबादजवळ एका शेतघराच्या आवारात तीन रात्री होतो. लिंबाच्या झाडाखाली व्हॅन, दहा पावलांवर नळ, मालकाची म्हैस शेजारी. मालकाच्या आई बाबांच्याच वयाच्या. दोघांना एकमेकांची भाषा अर्धी कळायची, तरी रोज संध्याकाळी गुडघ्यांवर तासभर बोलणं व्हायचं. बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी यायची, पैसे कितीही म्हटलं तरी घेतले नाहीत.

पहिल्या पहाटे नवा तलावावर सहा वाजता जाऊन थांबलो. तिकडे आपल्यापेक्षा उशिरा उजाडतं हे लक्षातच आलं नव्हतं, तास-सव्वा तास काळोखात बसून होतो. पण त्यामुळे आवाज ऐकले. आधी एक, मग लांबून दुसरा, मग सगळं पाणीच बोलायला लागल्यासारखं. बाबांनी काच दोन बोटं खाली केली आणि कान लावून बसले. उजाडलं तसे क्रौंच पाच-पाच, सात-सातच्या ओळींनी उठले आणि आमच्या छतावरून शेतांकडे गेले. पंखांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, नवीन साडीची घडी मोडावी तसा. बाबा मोजत होते. ओठ हलत होते. ४१२ पर्यंत मोजले आणि मग पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "आता नुसतं बघू दे."

दोन्ही फ्लेमिंगो शेजारी शेजारी दिसले, मैत्रेयी. बाबांनी वहीत दोघांचं चित्र काढलंय, मोठ्याच्या खांद्याशी लहानाचं डोकं. आणि तुझं ते "हिवाळ्यातलं घर इथेच आहे" त्यांनी दोनदा वाचायला लावलं होतं. तलावावर एकदा स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे हे इथले, आणि आपल्याकडचे आपल्याकडे."

जीपमधून रणात एकदाच गेलो, तेवढंच बाबांना झेपलं. स्टूल रोज लागलं. चालकाला हौबाराचं आधीच सांगितलं होतं. एक दिसला, लांब, खुरट्या झुडपांत मान उंचावून उभा. चालकाने स्वतःहून इंजिन बंद केलं. तो दहा मिनिटं तिथेच टिपत राहिला आणि मग चालत दिसेनासा झाला. परतताना बाबांना खाली उतरून त्या भेगाळलेल्या जमिनीवर उभं राहायचं होतं. उभे राहिले. काठीने ठोकून बघितलं, आवाज ऐकला, एक चतकोर साय उचलून खालचा काळा चिखल बोटाने चाचपला आणि बोट जिभेला लावलं. ती साय डब्यात घालून घरी आणलीये. टेबलावर आहे, कडा झडायला लागल्यात.

फुलायला हायपोकोलियस पहिल्या दिवशी दिसला नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर पावणेदोन तास बसल्यावर दिसला, तोही बायकोला आधी. छारी धंडात यंदा पाणी होतं, गाडी गावातच ठेवून गेलो. धोरडोला दुपारी गेलो, गर्दी फार होती, बाबा उन्हाने थकले. तिथे संध्याकाळी जायला हवं होतं.

अलार्मयंत्र घेतलं होतं, वाजलं नाही. गरम पाण्याच्या पिशव्या दोन नेल्या, तीन हव्या होत्या. दुर्बीण रोज पुढच्या सीटवर ठेवली, एकदाही वाफ धरली नाही. दोन पंक्चर झाली, दोन्ही काट्यांनी.

रोहिणीताई, फळ्या एकदाच लागल्या आणि त्याही आमच्यासाठी नाहीत. भुजकडे जाताना एका छोट्या टेम्पोचं चाक रस्त्याच्या कडेच्या रेतीत गेलं होतं, आत टोमॅटो भरलेले. फळ्या घातल्या, टेम्पो निघाला. त्यांनी दोन किलो टोमॅटो दिले, रविवारी तुमच्याकडे येताना त्यातले उरलेले आणतो. फळ्या धुतल्यात, बाल्कनीत वाळत आहेत. इथे अजून कुणी फेब्रुवारीत तिकडे जाणार असेल तर ताईंना विचारून थेट माझ्याकडून न्या, नौपाड्यापर्यंतची फेरी वाचेल.

---

रोहिणी_नौपाडा

बाबांना घेऊन या रविवारी. वही पण आणा. फळ्या तिथेच राहू देत, कळव्याच्या एका जोडप्याने कालच मला विचारलंय, त्यांना तुमचा नंबर देते.

बाबांनी मीठ चाखलं हे वाचून सासूबाईंची आठवण झाली. त्यांनीही तेच केलं होतं.